धोंड्याच्या महिन्यातलं पत्र

१९ जून १९९६, क्युपर्टिनो
दादांची पत्रं लावायला घेतली. चपलांच्या खोक्यात, सुतळीने बांधलेली. त्यांची आईला, आईची त्यांना, सगळी एकत्र. सहा जुलैला इथल्या मराठी मंडळात दादांच्या कवितांचा कार्यक्रम, ते गेल्यानंतरचा पहिलाच. अध्यक्ष देसाईकाका फोनवर: "लेकीने दहा मिनिटं बोलायचं. प्रेमपत्रं वाच, लोक रडले पाहिजेत." हो म्हणून बसले. आईला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, म्हणजे हे माझ्याच गळ्यात.

२२ जून
आईच्या एका पत्रात दादांची सगळ्यांना पाठ असलेली ओळ सापडली! 'वाऱ्याने दार वाजलं तरी मीच उठते, आणि उगाच पदर सावरते.' वर साल नाही, नुसतं 'अधिक आषाढ'. शिक्का पुसलेला. नवऱ्याची कविता त्यालाच पत्रातून लिहायची! गोड बाई. दादांचं कवितांचं पुस्तक बावन्नचं, म्हणजे पत्र नंतरचं. वर पेन्सिलीने 'त्रेपन्न?' लिहून ठेवलं. भाषणाचा शेवट मिळाला.

२५ जून
आईने अनारसे केले. अधिक महिना, जावयाला तेहतीस द्यायचे म्हणजे द्यायचेच. सतीश: "आई, माझं कोलेस्टेरॉल हाय आहे हो." आई: "मग रोज एक खा." तळता तळता सांगत होती, लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना, तिला माहेरी नेलेलं, दादा नोकरीच्या गावी एकटे. "पन्नास साल. यंदासारखाच अधिक आषाढ. पुन्हा आला तो थेट एकोणसत्तरला, तू शाळेत होतीस तेव्हा."
मी झारा धरून तशीच उभी.

२६ जून
एकोणसत्तरला दोघं एकाच घरात, पत्र कशाला लिहील? पन्नासचंच. पुस्तकाच्या दोन वर्षं आधीचं. त्याच महिन्यातली आणखी तीन निघाली. दोन कविता जवळजवळ जशाच्या तशा. यमकं तेवढी दादांची. 'बाईचं मन या कवीला कसं कळलं' म्हणत लोकांनी आयुष्यभर हार घातले, आणि दादा हसून मान तुकवायचे. फार राग आलाय. गेलेल्या माणसावर रागावून करायचं काय पण.

३० जून
आईला सरळच विचारलं. आधी "मला नाही आठवत." मग डिशवॉशर असताना हाताने भांडी घासायला लागली. "पत्र त्यांना दिलं ना? दिलेली वस्तू परत मागतात का? तू त्यांना चोर म्हणणार, चारचौघांत?"
"आणि तुझं नाव?"
तिने नळ मोठा सोडला. रात्री जेवली नाही. मीही.

३ जुलै
दोन भाषणं लिहून झाली. एकात दादा, एकात आई. सतीश: "मंडळात कशाला यार, घरातलं घरात ठेव." त्याचंही खरं असेल. पण घरातच तर होतं की ते सेहेचाळीस वर्षं.
दादांनी मला सायकल शिकवली, ताप आला की उशाशी बसायचे. तेही खोटं नाही. काय करू, काही…

६ जुलै, दुपार
सकाळी आई आपणहून येऊन बसली. "ते पत्र वाच बरं." पूर्ण वाचलं. डोळे मिटून ऐकत होती.
"बरं लिहायची की गं मी."
"मग पुढे का नाही लिहिलंस?"
"कुणाला लिहू? दिवाळीनंतर मी त्यांच्याकडेच गेले ना राहायला."
मला रडू फुटलं. ती नाही रडली. कोणतं भाषण करू, विचारलं. म्हणाली, "मी पहिल्या रांगेत बसते."
चारला निघायचं. दोन्ही कागद पर्समध्ये टाकलेत.