परवाना नाही, म्हणून मर्यादा नाही

३ जून
ज्योतीरामने या महिन्याचं व्याज दिलं नाही. पन्नास हजार, दरमहा दहा टक्के. अठरा महिने नीट देत होता. चाकणच्या कंपनीत त्याचं मशीन माझ्या शेजारीच. आज माझ्याकडे पाठ करून डबा खाल्ला. धडा शिकवायचा. शांतपणे.

४ जून
कंपनीच्या बसमध्ये विचारलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, नव्वद हजार दिले. कायद्यात एवढं व्याज बसतच नाही." मागे कोणीतरी हसलं. शांतपणा रद्द.

७ जून
कायदा वाचला. मोबाइलवर, दोनदा. व्याजाची मर्यादा परवानाधारक सावकारांना आहे. माझ्याकडे परवाना नाही. म्हणजे मला मर्यादा नाही. ज्योतीराम संपला.

८ जून
मंजुषा म्हणते, आधी एखाद्या वकिलाला विचारा. बायकोला कायदा कळत नाही. तसं तिला सांगितलं. भाजीत मीठ नव्हतं.

१० जून
पुरावे तयार. तो प्रत्येक हप्ता फोनवरून पाठवायचा, तेव्हा 'व्याज' असं त्याच्याकडूनच लिहून घेत होतो. दूरदृष्टी. अठरा प्रिंट. माझी पत दिसावी म्हणून बाकीच्या सहा कर्जदारांची यादीही जोडली, दरासकट. स्पायरल बाइंडिंग साठ रुपये. तेही त्याच्याकडूनच काढायचे.

१२ जून, दुपारी
रजा टाकली. सावकारीच्या तक्रारी घेतात त्या सरकारी कचेरीत गेलो. साहेबांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली. माझं इतकं कोणी ऐकत नाही. चहा मागवला. परवाना आहे का, विचारलं. नाही, म्हणालो, ठामपणे. घरी केव्हा असता, तेही विचारलं. फाइल ठेवून घेतली.

१३ जून
ज्योतीरामला म्हटलं, आता सरकारच बघेल. कुठल्या कचेरीत दिलं, त्याने विचारलं. सांगितलं. मग हळूच म्हणाला, "भाऊ, आजच जा. मागं घ्या." गयावया सुरू. मागे घेणार नाही.

१७ जून, सकाळी
हे पंचनाम्याच्या प्रतीच्या पाठीवर लिहितोय. चिखलीत आमच्या दारात जीप थांबली. चौघे साहेब, दोन पंच. वाटलं, ज्योतीरामची खोली विचारताहेत. पत्ता सांगितलाही. ते आत आले. कपाटातून कर्जदारांच्या सह्यांचे सात कोरे चेक काढले. आणखी काही लेखी आहे का, विचारलं. नाही म्हणालो. मंजुषा गादीखालून माझी रोजनिशी घेऊन आली.
"यात सगळं आहे साहेब," म्हणाली. "तारीखवार."