पन्हळीतले बैल

बेंदराचा दुसरा दिवस, संध्याकाळ

पन्हळ तुंबली आणि पावसाचं पाणी भिंतीवरून थेट स्वयंपाकघरात. शिरवळहून यांचा फोन, "तू चढू नकोस, प्लंबर बोलव." चढलेच मी. सासूबाईंनी शिडी धरली.

पन्हळीत चिखलाचा गोळा, आणि त्यात एक मातीचं शिंग! बेंदराच्या पूजेतले मातीचे बैल पूजा झाली की दरवर्षी पत्र्यावर ठेवतो, ते यंदा सासूबाईंनी स्टुलावर चढून पन्हळीत बसवलेले.

"पत्र्यावरनं वाऱ्यानं पडत्यात गं," त्या खालून म्हणाल्या.

हातानंच गोळा उपसला. पाणी धो धो सुटलं. एवढ्याला प्लंबर कशाला? शिंग मात्र टाकवेना, तुळशीत खोवलं.

जेवताना परत फोन. "आला का प्लंबर?"

माझ्या ताटात भाकरी वाढत सासूबाईच म्हणाल्या, "आलाय की. लय हुशार हाय. जेवाय बसवलाय."