ड्रायव्हरच्या सीटवरचं पोतं

आप्पा, गाडीच्या पुढच्या चाकांचे रबरी बुश बदलले. दोन्ही बाजूंचे. तुम्हालाच सांगावंसं वाटलं, कारण दुसऱ्या कुणाला सांगितलं की तो आधी विचारतो, ही गाडी अजून ठेवलीस कशाला. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होतो, परीक्षेला बसलोच नाही. आता उंब्रजमध्ये हायवेच्या कडेच्या झेरॉक्स दुकानात लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवतो. शब्द चुकत नाहीत म्हणून मालक खूश असतो. ताई लग्न होऊन सांगलीला गेली आणि पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून आईही तिच्याकडेच आहे. घरात मी आणि शेडमध्ये गाडी, एवढेच राहिलो. आई फोनवर म्हणायची, एसटीचे धक्के मला सोसत नाहीत, आणि आपली गाडी तर प्रत्येक खड्ड्यात खडखडते. मी ते तसंच्या तसं खरं मानलं. खडखड थांबली की आई घरी येईल, असं धरून चाललो.

खाली वाकून बघितलं तर चाकाला धरून ठेवणाऱ्या आर्मच्या टोकांतलं रबर पार फाटलं होतं. लोखंड लोखंडावर आपटत होतं. कराडला विचारलं, साताऱ्याला विचारलं. एका दुकानदाराने गाडीचं नाव ऐकून आतल्या माणसाला हाक मारली आणि मला परत सांगायला लावलं, दोघंही हसले. दुसऱ्याने बुश दिले, ते इतके कडक होते की नखसुद्धा रुतेना. शेवटी इस्लामपूरला गेलो, तुम्ही जायचा त्या दुकानात. आता तिथे मुलगा बसतो. त्याने माळ्यावर चढून धुळीने भरलेला खोका काढला. मी एक बुश उचलला, अंगठ्याचं नख दाबलं आणि नाकाशी नेला. तो गालात हसला. "असा वास घेणारं गिऱ्हाईक लय दिसांनी आलं. पूर्वी एक फौजी यायचे, मिशीवाले. हुंगल्याबिगर काय घ्यायचे न्हाईत." मी नुसतं बरं म्हणालो. तुमचा मुलगा आहे, हे सांगायचं राहूनच गेलं. बसस्टँडवर येईपर्यंत ते वाक्य मनात जुळवत होतो, पण परत गेलो नाही.

घरी आल्यावर आर्म काढले, लेथवाल्याकडून जुने बुश दाबून काढून घेतले आणि नवे बसवताना साबणाचं पाणी लावलं. तेल लावलं नाही. लहानपणी मी बुशाला तेल लावलं होतं, सोपं जावं म्हणून. तुम्ही तो बुश माझ्या हातातून काढून घेतलात आणि बाजूला ठेवलात. "रबराला तेल दाखवायचं न्हाई. ते आतनं कुजतं." त्या दिवशी दुपारपर्यंत माझ्याशी बोलला नव्हतात. अजूनही हात तेलाच्या डब्याकडे गेला की मी मागे वळून बघतो.

आणि मग शेवटचे बोल्ट आवळायची वेळ आली. इथे मी अडलो.

लहानपणीचा तो रविवार मला पूर्ण दिसतो. तुम्ही चारी चाकांखाली लाकडाचे ठोकळे सरकवलेत, पुढेमागे दगड लावलेत, जॅक काढून घेतलात. सगळं जोडलेलं आहे, फक्त बोल्ट ढिले आहेत. मग तुम्ही अंगणातून हाक मारता, "चला, सगळी बैठो." आई भाजी चिरायची सोडून पुढच्या सीटवर येऊन बसते. मागे ताई आणि शेजारच्या काकू. काकूंना वाटतं आपण कुठेतरी निघालोय, म्हणून त्या चप्पल बदलून आल्या आहेत. आणि तुम्ही मला ड्रायव्हरच्या जागी बसवता. माझे पाय खाली पोचत नाहीत. तुम्ही गाडीखाली आडवे होता आणि खालून तुमचा आवाज येतो, "हलू नका. श्वास घ्या, पण हलू नका." काकूंना हसू फुटतं, गाडी हलते, तुम्ही खालूनच सुनावता. चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर रबर पिळलेलंच अडकतं आणि लवकर फाटतं, हे तुम्ही नंतर हात धुताना सांगितलंत. "जेवढं वजन घेऊन त्याला जगायचं हाय, तेवढ्या वजनातच आवळायचं."

आता बसवायचं कुणाला? काकू मुलाकडे मुंबईला गेल्या. दुकानातल्या लोकांना गाडीत येऊन नुसतं बसा असं सांगायची मला लाज वाटली. म्हणून वाळू आणून पोती भरायचं ठरवलं. तुम्हाला माहीत आहे, मला अंदाजाने काही जमत नाही. आईला फोन करून विचारलं, तुझं वजन किती आहे आता. ती म्हणाली, "कशाला रं?" मी सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे माझ्या जागी तू वाळूचं पोतं बसवणार?"

मी म्हणालो, दुसरं कोण आहे.

"नगं. मीच येती. तवर आवळू नगंस."

रविवारी ती आली. दाजी कामासाठी साताऱ्याला निघाले होते, त्यांच्या गाडीतून तिला दारात सोडून पुढे गेले. तिला हात देऊन उतरवताना माझ्या लक्षात आलं की हे कधीही जमलं असतं. दाजी महिन्यातून एकदा तरी इकडून जातात. अडचण धक्क्यांची नव्हती. आई घरात न जाता थेट शेडमध्ये आली आणि पुढच्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन, पूर्वी बसायची तशी. शेजारी ड्रायव्हरच्या सीटवर मी पोतं उभं करून पट्ट्याने बांधलं होतं. तिने त्याच्याकडे बघितलं. "तुझ्या वजनाचं भरलंस नव्हं?" मी हो म्हणालो आणि खाली सरपटलो. "हलू नको," मी म्हणालो. गाडी जराही हलली नाही. बोल्ट आवळून बाहेर आलो तर तिचा एक हात पोत्यावर होता. कलू नये म्हणून धरलंय, म्हणाली.

मग तिने चहा केला. साखरेचा डबा मी दुसऱ्या फळीवर ठेवला होता, तो तिने शोधला आणि चहा झाल्यावर पहिल्या जागी ठेवला. तिच्या पलंगावर मी नवी चादर घातली होती. ती तिने हाताने सारखी केली, पण टेकली नाही. मी म्हणालो, राहा की दोन दिवस. ती म्हणाली, सकाळी ताईच्या पोरांचे डबे असतात. थोड्या वेळाने, कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "हितं सांज झाली की कान रस्त्याकडं लागतो रं. गाडी आली का म्हणून. तिकडं न्हाई लागत." मी टॉवेल पुढे केला.

पोतं उतरवून मी तिला सांगलीला सोडायला निघालो. गाडी अजिबात वाजली नाही, आप्पा. इस्लामपूरच्या पुढे तिला डोळा लागला. मान काचेला टेकली होती, आणि खड्ड्यातून जातानाही ती जागी झाली नाही. ज्यासाठी एवढं केलं ते नीट झालं होतं. मी तिला उलट्या दिशेला नेत होतो, एवढंच. ताईच्या दारात उतरताना ती बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "ब्येस झालीया." येताना शेजारची सीट रिकामी होती. दोन माणसांच्या वजनात आवळलेली गाडी मी एकट्याने चालवत आलो.

हा कागद कुठे पाठवायचा नाही. गाडीच्या खणात ठेवेन. पण एक सांगायचं आहे. कराड स्टँडच्या वजनकाट्यावर तुम्ही दर वेळी चढायचा आणि शहात्तरचा आकडा आला की मिशीवरून हात फिरवायचा, पलटणीतून आलो तेवढाच आहे म्हणून. माझं वजन छप्पन आहे. आईला मी हो म्हणालो, ते खोटं होतं. पोत्यात शहात्तर किलो वाळू होती.