भाऊजी माह्या लाइनवर

१ जुलै, शनिवार
भाऊजी आले. रात्री वरठीवरून गाडीत बसले, दुपारी हैदराबादले उतरले. स्टेशनावरची गर्दी पाहून म्हणाले, "एवढी माणसं, अन् राम राम कोणाचाच नाही." ताईनं जवसाची चटणी पाठवली, चिवडा पाठवला. खोलीत खाट एकच. ती त्याइले दिली. मी खाली. घरचा जवाई, दुसरं काय करणार.

सोमवारपासून कारखान्यात माह्याच लाइनवर. महिनाभर पाहतील. काम जमलं तं ठेवतील, नाही तं घरी. शब्द मीच टाकला. पहिला लीड, म्हणजे लाइनचा मुकादम, सोडून गेला तेव्हापासून तात्पुरता लीड मी आहे. आठवी झालेला. या शेडात झाडू माराले आलो होतो.

४ जुलै
आम्ही विमानाच्या दरवाज्याचा सांगाडा बनवतो, हे भाऊजीले अजून खरं वाटत नाही. "पूर्ण विमान कुठं आहे?" म्हटलं, ते दुसरीकडे जुळते, आपण फक्त दार. "मंग घरी सांगू काय? दारं बनवतो म्हणू तं सुतार समजतील."

शेडातली पोरं त्याइले जीजाजी म्हणाले लागली. सगळ्याइचेच जीजाजी.

६ जुलै
लीडची ट्रेनिंग. आठवड्यातून दोनदा कंपनीची मॅडम घेते. चांगली आहे, पण सोडत नाही. आज नाटक करवलं. समोरच्यानं काम बिघडवलं, लीडनं त्याले कसं सांगावं. मी म्हटलं, "भैया, थोडा देख लो ना, हो सके तो." सगळे हसले. मॅडम म्हणे, "आप गलती बता रहे हो कि माफी माँग रहे हो?"

गावी कोणाले गलती सांगाची तं पहिले पाणी विचारतात, मंग पाऊसपाणी, मंग कुठं मुद्द्यावर येतात. हे मॅडमले कसं सांगू. थकलो.

७ जुलै
भाऊजीले गन दिली. रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडाचे खिळे, माराचं काम दोघाचं. गनवाला समोरून मारते, दुसरा पॅनेलच्या मागून लोखंडी ठोकळा दाबून धरते. आवाज एवढा की कानात बोळे, बोलता येत नाही. म्हणून मागचा माणूस ठोकळ्यानं पॅनेलवर वाजवते, ते गनवाल्याच्या हाताले समजते. एक टक म्हणजे अजून मारा. दोन म्हणजे जमला. तीन म्हणजे बिघडला, काढून फेका.

मागे मी होतो. तिसराच रिव्हेट वाकडा बसला. हात उचलला तीन वाजवाले अन् दोन वाजवले.

ताईच्या लग्नात बाबानं परातीत भाऊजीचे पाय धुतले, तेव्हा पाणी टाकाचा तांब्या माह्या हातात होता. त्या माणसाले शेडभर पोराइच्या समोर तीन वाजवू?

जेवणाच्या सुट्टीत तो रिव्हेट ड्रिलनं काढला, नवा मारला. श्रीनुले म्हटलं मागून धर. श्रीनु इथलाच, लाइनवरचा जुना माणूस. त्यानं ठोकळा उचलला.

१३ जुलै
रोजचंच झालं. भाऊजी मारतात, मी दोन वाजवतो, सुट्टीत काढतो. जेवण उभ्यानं. क्वालिटीवाली येते, पॅनेल पाहते, पास. भाऊजी खुश. फोनवर ताईले म्हणत होते, "साळा म्हणे सहा महिने लागतात. मले तं आठ दिवसात जमलं."

श्रीनु म्हणे, "तेरे हाथ को तीन तक गिनती नहीं आती क्या?" हसून टाळलं.

१६ जुलै
ताईचा फोन, वेगळा. भाऊजी आंघोळीले गेले होते. "नितेश, पक्के करतील ना त्याइले?" वावर धरणात गेल्यापासून हा माणूस कुठं टिकलाच नाही म्हणे. मासेमारीत नाही, वरठीले ठेकेदाराकडे नाही. नव्या गावठाणात दिवसभर ओट्यावर बसून राहत. "आता फोनवर हसतात. ते ऐकाले मी लोकाइच्या वावरातल्या रोवण्यातून पायाचा चिखल तसाच ठेवून येतो."

म्हटलं, होईल.

खरं तं मीच इथून निघावं म्हणत होतो. सुरत सोडलं, पुणे सोडलं. एका जागी जीव लागत नाही. पण आता निघालो तं मागून कोण धरन.

२० जुलै
उद्या परवा मले दिवसभर क्लासात बसवणार. मॅडमले विचारलं, एक दिवस सोडता येईल का. "क्यों? लाइन आपके बिना नहीं चलती?" भिंतीवर लिहून आहे, चांगला लीड तो ज्याच्याशिवाय लाइन चालते. रोज वाचतो.

२१ जुलै
जे व्हाचं ते झालं.

मागे श्रीनु होता. त्यानं तीन वाजवले. भाऊजीनं दुसरा मारला, परत तीन. मंग परत. भाऊजीले वाटलं हा मुद्दाम करून राहिला. गन खाली ठेवून ओरडले, "साळ्याच्या हातात एक बिघडत नाही, तुह्याच हातात कसे बिघडतात?" श्रीनुले मराठी येत नाही, पण समजलं. त्यानं सरळ क्वालिटीवालीले बोलावून आणलं. तिनं आरसा लावून मागून दाखवलं. वाकडे. फाटलेले. पॅनेलवर लाल टॅग, म्हणजे बाद.

मले क्लासातून बोलावलं. मॅडमनं विचारलं, आधीचे पॅनेल चांगले कसे? भाऊजी बाजूलेच उभे. सांगून टाकलं. नातंही सांगितलं.

मॅडम रागावली नाही. म्हणे, तुमच्या घरी तुम्ही बरोबर असाल. तिले काय वाटलं कोण जाणे.

२२ जुलै
 भाऊजीले भात वाढत होतो, त्याइनं हात आडवा केला.

"तू मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही जवाई…"

"जवाई म्हणून घरी वाढ ना. शेडात काहून वाढलं? मी तिकडे बायकोले सांगून बसलो मले येते म्हणून."

मंग म्हणे, "पंधरा दिवस गेले ना माहे. पंधरा दिवसात काही तं शिकलो असतो."

 जेवलो नाही दोघंही. भात मांजरीनं…

२४ जुलै
मॅडम म्हणे, पुढच्या सोमवारी त्याइचा महिना भरते. ठेवाचं की पाठवाचं, हे लीड सांगन. "आप बोलोगे, मैं नहीं." ठेवा म्हटलं तं त्याइच्या प्रत्येक रिव्हेटले जबाबदार मी. पाठवा म्हटलं तं मले पक्का लीड करतील, असं तिनं म्हटलं नाही. पण दिसते ना.

२७ जुलै
शिकाऊ कोपऱ्यात भंगार शीटवर भाऊजी रोज मारून राहिले. मी मागे. वाजवतो जे आहे ते. पहिल्यांदा तीन वाजवले तेव्हा त्याइनं गन तशीच धरून माह्याकडे पाहिलं, मंग ड्रिल घेतला. काही जमतात. काही नाही. गन तिरपी धरतात, खांदा उचलतात. सवय जाईल. महिना लागन, दोन लागन. सोमवार मात्र सोमवारीच येईल.

३० जुलै, रविवार
ताईनं सरळ विचारलं. "त्याइले नको देऊ फोन. तू सांग. येते का त्याइले?"

"येत नाही अजून, ताई."

  "मंग मले होईल काहून म्हटलं होतं?" म्हणे, अन् ठेवला.

३१ जुलै, सोमवार
बसमध्ये लिहून राहिलो. मॅडमनं दहाले बोलावलं. रात्रभर एकदा ठेवा, एकदा पाठवा. दोन्ही खरं वाटते.

सकाळी भाऊजीले विचारलं, काय सांगू? शर्टाची बटनं लावत म्हणाले, "मले विचारू नको. मी तुह्या लाइनवरचा माणूस आहे."

बसमध्ये खिडकीची जागा मी रोज त्याइच्यासाठी धरतो. आजही धरली. ते आले, पाहिलं, अन् मागं श्रीनुजवळ जाऊन बसले. दांडा धरून उभी असलेली पोरं मले विचारून राहिली, जागा रिकामी आहे का. काय सांगू