उठावाची अक्षरं

गुणाजीच्या हाती पाकीट पाठवतोस, आत आपल्या मूर्तींच्या कारखान्याच्या कार्डाचे तीन नमुने घालतोस, आणि आजीला चार ओळी लिहायला तुझा हात झिजतो. गुणाजी धाटावच्या कंपनीतून सुट्टीला जोह्याला येतो तो झोपायला, तुझा पोस्टमन व्हायला नाय. निरोप काय, तर तिन्हींतलं एक निवडून ठेवा, मी फोन करीन. म्हणजे म्हातारीने फोनकडे बघत बसायचं. मी नाय बसले.

प्रिय रितेश,

प्रिय लिहायचं असतं म्हणून लिहिलं, चौथीपर्यंत तेवढंच शिकवलं होतं. मी फोन केला नाय त्याला कारण आहे. फोन हातात घेतला की तुझी आई शेजारी येऊन बसते. डोळे गेल्यापासून शकूचे कान दुप्पट झालेत. आणि तिकडून फोन उचलते तुझी बायको. मला दोघी नको होत्या. म्हणून हे पत्र, आणि गुणाजीला बजावलंय की रोह्याच्या दुकानात तुझ्या हातात द्यायचं, मृणालीच्या नाय.

आधी तुझ्या कार्डांचं. पहिलं ते गुळगुळीत, चकचकीत, त्यावर गणपतीचा फोटो. कोणाच्या डोक्यातून निघालं हे? माणूस कार्ड घेतो आणि मागच्या खिशात घालतो. मग एसटीत बसतो. देव कुठे गेला ते तूच बघ. आपण देव विकून खातो म्हणून त्याला बुडाखाली घालायचा नाय. दुसरं ते काळं, सोनेरी अक्षरांचं. चतुर्थीच्या तोंडावर काळं कार्ड वाटणार, तर लोक विचारतील घरात कोण गेलं. मी नुसतं चोळलं तर माझा अंगठा सोन्याचा झाला आणि तुझ्या मोबाइलचा नंबर अर्धा गेला. तिसरं पांढरं, जाड, त्यावरची अक्षरं कागदातून वर आलेली, बोटाला लागणारी. ते चांगलं आहे. खर्चाचं असणार, पण गिऱ्हाइकाला वाटतं की कारखाना तीन पिढ्यांचा आहे. आहेच तो.

आता नावाचं. वर कारखाना, खाली तुझं नाव, आणि त्याखाली ‘डोळ्यांची आखणी : सौ. मृणाली’. शकूचं नाव नाय. ते काढ असं शिमग्यात मीच तुला म्हटलं होतं, आणि त्याची मला लाज नाय. गणपतीचे डोळे आखणारीण म्हणून आंधळीचं नाव छापलं तर पेणच्या बाजारात लोक आपल्याला हसतील. सत्तावीस वर्षं तिने आखणी केली. मुंबईचे लोक मूर्ती बघायला यायचे ते डोळे कोणाचे आहेत हे विचारून. गिऱ्हाईक बसायचं त्या बाजूला ट्यूब, आणि ती बसायची तिथे पिवळा बल्ब, तोही माझ्या हुकमाने. साखरेने डोळे खाल्ले म्हणतात डॉक्टर. बल्बने किती खाल्ले ते कोणी विचारलं नाय, मीही सांगितलं नाय. मग दोन वर्षांमागे तिने दिसत नाय हे लपवलं आणि अकरा मूर्ती आखून टाकल्या. रोह्याच्या हैबतरावांच्या घरी गेली ती आठवते ना? एक डोळा मोदकावर, दुसरा दरवाज्याकडे. प्राणप्रतिष्ठा झालेली, देव परत कसा करणार. पाच दिवस त्या माणसांनी आरती केली ती खाली मान घालून. पुढच्या साली ते दुसरीकडे गेले. ती मूर्ती कानावर आली त्या दिवसापासून मी तिला ब्रश दिला नाय. हातातून काढून घेतला, कारखान्यातल्या सगळ्या पोरींसमोर. मृणालीचं मनगट धरून तिला आखणी शिकवली ती मात्र शकूनेच, आणि मृणालीने आखलेले डोळे अजून उकडलेल्या अंड्यासारखे येतात हेही ऐकून ठेव.

पण मी तुला म्हटलं होतं की नाव काढ आणि आईला तसं तोंडावर सांग. तू पहिलं केलंस. दुसरं करायच्या जागी फोनवर तिला म्हणालास, आई, तुझं नाव सगळ्यात वर टाकलंय. ती अख्ख्या जोह्यात सांगत फिरली, भिंत धरून. कृष्णाबाईच्या ओट्यावर तर दोनदा गेली. आणि मला निरोप, की कार्ड तिला वाचून दाखवताना तिचं नाव घाला. माझ्या तोंडून खोटं वदवायला तुझा बाप गोविंदापण कधी धजला नाय, आणि तो दारू प्यायचा.

परवा दुपारी शकू म्हणाली, जरा हातात तरी द्या, माझं नाव आहे ते. माझ्या मांडीवर तिन्ही होती. गुळगुळीत दिलं असतं तर ते कुरवाळून ती खूश झाली असती. मी उठावाचं दिलं. चुकून नाय, बघून दिलं. मूर्तींच्या चिठ्ठ्यांवर गिऱ्हाइकांची नावं तीच घालायची, अक्षराचं वळण तिच्या बोटात आहे. अंगठ्याने तिने कारखाना वाचला. मग तुझं नाव, सावकाश, दोनदा. मग आखणी. मग मृणाली. तिथे अंगठा थांबला. तिने कार्ड उलटं करून मागची बाजू चाचपली. मागे कोरं. परत सुलटं केलं आणि चारी कडा बोटाने बघितल्या, एखादं नाव कोपऱ्यात बसवलेलं असतं तसं. पापड वाळत घातले होते ते उलटायला मी उठले.

संध्याकाळी भाकरी खाताना ती आपण होऊन बोलली. म्हणाली, छापखानेवाल्याने घोटाळा केलाय, माझी ओळ गाळली. रितेशला आजच कळवा, नायतर हजार कार्डं तशीच निघतील आणि पोराचं नुकसान होईल. त्याने कामाच्या घाईत बघितलंच नसणार. तिने सांगितलं म्हणून हे पत्र लिहिलं. घोटाळा कळवला, माझं काम संपलं. घोटाळा कोणी केला ते ती आता सारखी मला विचारते, आणि मी सांगणार नाय. उत्तर मला नको आणि मृणालीच्या हातचं तर नकोच. तू यायचंस, तिच्यासमोर बसायचंस आणि तुझ्या तोंडाने तिला द्यायचंस.

तुझीच, अजून डोळे शाबूत असलेली,
काशीबाई आजी