गेटपर्यंतचे बिंदू

९ नोव्हेंबर
बाबांचं घड्याळ आज चार्जिंगला लावलं. ते बागेत कोसळून गेले त्याला महिना होत आला. आईचं एकच: "त्या सकाळी ते परत आले होते गं. खाली गेटपाशी खोकले. मी चहा टाकला." वर कुणी आलंच नाही. दादा फोनवर म्हणतो, भास. घरात आता आम्ही दोघीच.
ते चालत तो रस्ता घड्याळात नोंदला जायचा. अ‍ॅपचा पासवर्ड बाबांनाच ठाऊक. शेवटच्या सकाळची फाइल तेवढी निघाली, एक्सएमएल. नुसते टॅग, कंसातले इंग्रजी शब्द आणि आकडे. नकाशा काढून देणाऱ्या कुठल्या साइटवर चढवायला जीव धजत नाही. पायथनमध्ये कोड लिहायला शिकायचं कधीपासून म्हणतेय, चलो.

११ नोव्हें.
मेट्रोत व्हिडिओ बघत आले. थोडासा कोड. रस्त्याचे सगळे बिंदू शोध म्हटलं, तर रिकामी यादी. म्हणजे फाइलच रिकामी. मूर्खासारखी आईला सांगून मोकळी झाले, "घड्याळात काही नाही गं."
"अच्छा," एवढंच म्हणाली. जेवली नाही.

१२ नोव्हें.
खाली कुणी खोकलं की भाजी चिरताना आईची सुरी थांबते. या धुरकट हवेत मयूर विहारात खोकत कोण नाही! तरी मीही खिडकीतून खाली बघते.
फाइल साधी उघडून पाहिली. बिंदूच बिंदू! मला दिसतात, कोडला दिसत नाहीत. भीती वाटली, खरंच.

१४ नोव्हें.
ऑफिसात शेजारची शबाना हसली. "अरे यार, नेमस्पेस! पूरे नाम से बुलाओ." प्रत्येक टॅगला न दिसणारं आडनाव चिकटलेलं असतं, म्हणे. आईने जन्मभर बाबांना 'अहो'वर भागवलं. इथे नाही भागत.
आडनाव लावलं आणि बाबा चालायला लागले. बिंदू, वेळ, बिंदू, वेळ. बाथरूममध्ये जाऊन रडले.

१५ नोव्हें.
नकाशावर मांडले. बाग. परत. गेट. तिथे बराच वेळ, बिंदूवर बिंदू. मग वर न येता पुन्हा बाग. पुढे काही नाही.
आईने खरंच ऐकलं होतं. वळले का पण? दम लागला? जिना नको वाटला? सांगितलं तर ती स्वतःलाच विचारत बसणार, मी खाली का गेले नाही. नाही सांगितलं तर तो भास ठरतो. दादाला फोन लावला, कट केला.

१६ नोव्हें., रविवार
सकाळी लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवला. "आई, जरा बस ना इथे."
"थांब, चहा उतू जाईल," म्हणत ती आत गेली. ट्रेमध्ये कप तीन मांडलेत.