व्याह्यांच्या हाती करवत

३ फेब्रुवारी
शब्दकोशाच्या संपादकांचा पुन्हा फोन. शत्रूच्या शेताची नासधूस — एवढ्या एका उद्योगाला आमच्या प्राचीन ग्रीकांनी किती क्रियापदं करून ठेवलीत! देश कापला, जमीन भादरली, झाडं तोडली, मुलूख उजाड केला. अर्थ लिहायला बसवलंय मला. आणि इथे माझ्याच ऑलिव्हना तीन वर्षं फळ नाही! नवरा, लेफ्तेरी, गेल्यापासून कुणी छाटलीच नाहीत. मी करवत घेऊन जाते, त्याची आठवण येते, तशीच परत येते.

आज लेकीनं, मेल्पोनं, तोंडावर सांगितलं, "आई, एक तर माझ्या सासऱ्यांना छाटू दे, नाहीतर सगळी झाडं लाकूडवाल्याला दे!"

सासरे स्पार्टाचे! अडीच हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांनी अथेन्सवर स्वारी करताना इथे, वेशीवरच्या मेनिदीत, येऊन आमची झाडं तोडली, आणि मी करवत त्यांच्याच हाती देऊ?

९ फेब्रुवारी
देतेय. उद्या येताहेत ते.

१० फेब्रुवारी
पानागोस व्याही संत्र्यांचं पोतं घेऊन हजर. "विहीणबाई, पूर्वजांचं राहिलेलं काम पुरं करायला आलोय!" कॉफी नाही, पाणी नाही — थेट झाडावर. मी खालून ओरडतेय, "अहो, ती फांदी नको!" — तीच खाली! माझी सगळी क्रियापदं या माणसानं एका सकाळीत करून दाखवली. लेफ्तेरीच्या लाडक्या झाडाचा तर नुसता बुंधा ठेवलाय. घरात जाऊन रडले. मग रागानं त्यांच्या घेवड्याच्या सूपमध्ये मीठच घातलं नाही. त्यांनी दोनदा मागून घेतलं. मेला!

११ फेब्रुवारी
व्याही गेले. बाग भादरलेल्या मेंढीसारखी दिसते.

२० मार्च
फुटलं! त्या बुंध्यालासुद्धा कोंब! मी एकटीच बागेत टाळ्या पिटत होते. धावत येऊन कोशाचं पान काढलं. 'कापणे' पुढचं 'समूळ नष्ट करणे' खोडून टाकलं. कापलं म्हणजे मेलं नव्हे. एवढ्या स्वाऱ्या झाल्या तरी आम्ही तेल खातच राहिलो, ते काय उगाच? मेल्पोला म्हटलं, लाकूडवाल्याला नको म्हणून कळव.

आता व्याह्यांना फोन करून आभार मानायला हवेत. जिवावर आलंय!

२१ मार्च
केला फोन. खूप हसले. मग म्हणाले,

"विहीणबाई, झाड छाटायला वैरी बोलवावा म्हणतात. माझी बाग बायकोनं लावलेली. ती गेल्यापासून माझा हातच उचलत नाही. तुम्ही याल का?"

करवतीला धार लावून ठेवलीय. सकाळच्या बसनं स्पार्टावर चालून जातेय!